बाबांचा गुडघा आणि तुझ्यावरचा आळ

सवाई बेट, सामोआ
१२ ऑगस्ट

प्रिय पेनीदादा,

बरा आहेस ना? ऑकलंडात थंडी मी मी म्हणत असेल. इथे सगळं ठीक. नीरफणस भरपूर लागलेत. आत्या अजून चर्चमध्ये सगळ्यात मोठ्याने आणि सगळ्यात बेसूर गाते.

बाबांचं आपियाच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. तुला कुणी कळवलं नसेल, म्हणून मीच लिहितेय. दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या धातूच्या गुडघ्याला जंतू लागले होते. जखम सुकायची, पंधरा दिवसांनी पुन्हा वाहायची. सात महिने हेच चाललं होतं. डॉक्टर इलाओआ म्हणाल्या, हे जंतू धातूला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर करून त्यात राहतात. आपल्या पाण्याच्या टाकीला आतून शेवाळाचा थर धरतो ना, तसाच. औषधाने वरवरचे मरतात, थरातले तगून राहतात. म्हणून सांधाच काढायचा, सहा आठवडे तिथे औषध मिसळलेलं सिमेंट ठेवायचं, मग नवा बसवायचा. नाहीतर एक दिवस पाय कापावा लागेल.

बाबा तयार होईनात. जखम भरत नाही म्हणजे घरात कुणीतरी मनात राग दाबून ठेवलाय, हे आपल्याकडे कसं मानतात ते तुला माहीतच आहे. पास्टरना बोलावून सगळे चटईवर बसलो आणि एकेकाने मनातलं बाहेर काढलं. आत्याने कबूल केलं की माझ्या लग्नातली डुकराची मांडी तिनेच पळवली होती. पास्टरनाही हसू आवरेना. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, माझ्या मनात काही नाही.

मग बाबा म्हणाले, "राग पेनीचा आहे. घराण्याची गादी नको म्हणून निघून गेला तो. तो येऊन बोलत नाही तोवर मी सुरी लावू देणार नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

दादा, मी नर्स आहे. जखम पहिल्यांदा ओली दिसली तेव्हाच त्यांना बोटीत बसवून आपियाला न्यायला हवं होतं. पण गावच्या सभेला जायचंच म्हणून ते अडून बसले आणि मी दवाखान्यातल्या उरलेल्या गोळ्या दिल्या. सुकलं की बंद, वाहिलं की पुन्हा सुरू. वरून सुकत होतं आणि आत थर जमत होता. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी बाबा तुला निरोप न धाडताच तीन आठवडे तुझी वाट बघत राहिले आणि मी बघू दिली. मला माझीच लाज वाटते.

त्यांना ताप चढला त्या सकाळी मी पायाशी बसून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गोळ्या मीच मागितल्या होत्या ना? मग तू एकटीच काय रडतेस? बोट कितीची आहे ते बघ."

सांधा काढून आता सहा आठवडे झाले. काल गुडघ्यातल्या पाण्याचा रिपोर्ट आला, त्यात जंतू सापडले नाहीत. येत्या गुरुवारी नवा सांधा बसेल. डॉक्टर वचन देत नाहीत, पण पहिल्यांदाच हसून बोलल्या. मी घरी येऊन पोटभर जेवले.

तुला बोलावून घे, असं बाबांनीच सांगितलंय. मी विचारलं, गुडघा तर बरा होतोय, मग कशासाठी ये म्हणून लिहू? म्हणाले, "गुडघ्याचं कारण सापडलं. पेनी गेला त्याचं कारण मी आहे. ते मला त्याच्या तोंडावर सांगायचंय."

बाबांनी तुझं नाव घेतलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या तेव्हा खरं माहीत असून गप्प बसलेली,
तुझीच बहीण
सेनेरिता