वहीतला गुणी आकडा

पेण, रविवार दुपार

प्रिय वनिता,

रोह्यात तुझे गुडघे आणि तुझी जास्वंद, दोन्ही धडधाकट असतील अशी आशा. इथे आम्ही सगळे खुशाल आहोत.

मनस्वी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, हे तुला ठाऊकच आहे. आठवा महिना. डॉक्टरबाईंनी बीपीचं मशीन घ्यायला लावलं आणि सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहायला सांगितला. वही म्हटल्यावर तुझ्या मैत्रिणीचं काय झालं असेल, ते तू ओळखलंच असशील. मी आधी समास आखला. (आपल्या शाळेतल्या सिस्टर एक खाडाखोड दिसली की अख्खं पान पुन्हा लिहायला लावायच्या. पन्नास वर्षं झाली, हात अजून घाबरतो.) १४८ आला की मला वाटे, पोर आत्ताच जिना चढून आली, हा काही तिचा खरा आकडा नव्हे. मग तिला पडायला लावायचं, कोकम सरबत द्यायचं, दुसऱ्यांदा पट्टा बांधायचा, तिसऱ्यांदा बांधायचा आणि त्यातला सगळ्यांत गुणी आकडा सुवाच्य अक्षरात लिहायचा. वही इतकी देखणी झाली की मी तिचे फोटो जावयांना, मितेशरावांना, डोलवीला कंपनीत पाठवले. शिफ्ट सुटल्यावर त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

आमच्याकडे भांड्यांना येणारी काशीबाई खाडीकाठची, तिला लिहिता येत नाही. ती म्हणाली, “बाय, वही काय बघतेस, पोरीचं पाय बघ गो. पैंजण रुतलेत. डोकं पन सारखं धरून बसते.” मी म्हटलं, माझ्या साजूक तुपाचा गुण.

शुक्रवारी डॉक्टरबाईंनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि पट्टा बांधला. १५६ वर १०२. मी नम्रपणे सुचवलं, परत एकदा घेऊन बघता का? त्यांनी पेन खाली ठेवलं. “काकू, घरी किती वेळा घेता?” मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट. चढे आकडेही मला हवे होते, म्हणाल्या. ते लपले की तिच्या हृदयावर ताण वाढत राहतो, बाळाला रक्त कमी पडतं, आणि आम्हाला कळतं उशिरा. लघवीत प्रोटीन निघालं. मनस्वीला तिथेच ठेवून घेतलं आहे. गोळ्यांनी दाब उतरतो आहे, बाळाचे ठोके चांगले आहेत. नर्स आकडे गिचमिड अक्षरात लिहिते. इतकं सुंदर अक्षर मी पाहिलेलं नाही.

तुझी,
शालिनी

ता. क. हे पत्र दवाखान्याच्या बाकावर लिहिलं, पुन्हा उतरवून काढलेलं नाही. वर ‘तिसऱ्यांदा’ लिहिलं आहे, मनस्वी वाचून म्हणाली, “आई, पाचव्यांदा.” तिचंच खरं.

आणखी एक. ‘आम्ही सगळे खुशाल’ हा पाचव्या खेपेचा आकडा. पहिला असा, की मला फार भीती वाटते आहे. आठ दिवस येऊन राहा.