अप्पांच्या घरी पातेलं न्यायचं की नाही

प्रिय आत्या,

सलाम.

आज सकाळी नागनाथअप्पा गेले. ह्या वेळी खरंच गेले. मी स्वतः त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले, दोघा-तिघांना विचारून खात्री केली, आणि घरी आले. आता दुपारचे तीन वाजलेत. चार वाजता त्यांना नेणार आहेत. त्या घरात सकाळपासून चूल नाही, आणि इथं माझ्यापुढं परातीत ज्वारीचं पीठ काढून ठेवलंय, कोरडंच. पाणी घालायचं की पुन्हा डब्यात ओतायचं, ते ठरेना. जिवंत माणसांना विचारून झालं. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

तुमच्या लेकाला विचारलं तर म्हणाले, "तुझं तू बघ." काय नग घडवून ठेवलाय हो तुम्ही!

तुम्हाला जाऊन पावणेदोन वर्षं झाली. जाताना तुम्ही माझा हात धरून "पातेलं बघ गं" एवढंच म्हणालात. सुनेनं स्वतःला बघावं, तिचे गुडघे दुखतात, अंगणवाडीची नोकरी आहे, असलं काही नाही. पातेलं बघ! त्या वेळी रडत होते म्हणून मान हलवली. आज विचारते, मला एकदा तरी विचारलंत का, की मंगल, तुला जमेल का?

लग्न होऊन मी अहमदपूरला आले त्याच आठवड्यात तुम्ही मला ते दाखवलं होतं. जर्मनचं मोठं पातेलं, एका बाजूला चेपलेलं. म्हणालात, "ह्या गल्लीत कुणाचंबी मयत झालं की आपल्या चर्चातून तिथं पिठलं-भाकरी जाती. तीन दिस, सांजच्याला. घर कुणाचं, जात कोणती, आपल्यात येत्यात का न्हाई, इचारायचं न्हाई. दारात ठिवायचं अन् माघारी यायचं. त्यांनी म्हणल्याबिगर प्रार्थनासुदिक करायची न्हाई." चर्चच्या महिला मंडळातल्या बाया रोज भाकरीचं पीठ मळायच्या आधी एक मूठ बाजूला काढायच्या आणि रविवारी उपासनेला येताना पिशवीत घेऊन यायच्या. त्या पिठाचा डबा तेव्हा काठोकाठ भरलेला असायचा, आठवतं ना?

आता डब्याचा तळ दिसतो. पोरं पुण्याला, हैदराबादला गेली. राहिलेल्यांच्या घरी पीठ पाकिटातून येतं, ते झटकन संपतं, आणि मूठ काढायची आठवण कुणाला राहत नाही. मंडळात आम्ही सात जणी उरलोय, त्यातल्या तिघींना डोळ्यानं कमी दिसतं.

नवे पाळक मात्र उत्साही आहेत. नांदेडचे आहेत, वयानं लहान, बोलायला गोड. आल्या आल्या त्यांनी चर्चच्या फाटकावर मोठा फ्लेक्स लावला, 'आमचे ध्येय, आमची मूल्ये.' खाली सहा ओळी, त्यातली चौथी 'शेजाऱ्यावर प्रीती'. मला म्हणाले, "ताई, भाकरीखाली निदान एखादं पत्रक ठेवत जा." मी म्हटलं, "आमच्या आत्या म्हणायच्या, भाकरीखाली कागद ठिवला की भाकरीला वास लागतो." ते हसले. बिचारे वाईट नाहीत. पण त्यांनी तुम्हाला पाहिलेलं नाही ना!

आता माझा गाढवपणा ऐका.

दिवाळी झाल्यावर अप्पांना लातूरच्या दवाखान्यात नेलं होतं. एक दिवस मी अंगणवाडीतून येत होते, तर त्यांच्या दारात अ‍ॅम्ब्युलन्स, बाया पदर तोंडाला लावून रडत होत्या. कोपऱ्यावर भाजीवाली म्हणाली, "गेले अप्पा." झालं! मी कुणाला काही विचारलं नाही. तुम्हीच शिकवलंय ना, मयताच्या घरी चौकशा करत बसायचं नाही, सरळ पीठ घ्यायचं. दोघी जणींना बोलावलं, तासाभरात पिठलं-भाकरी तयार. पातेल्यावर पांढरं फडकं बांधलं आणि तिघी निघालो.

दारात अप्पांचा लेक बसवराज. "हे काय हाय?" म्हणाला. मी मान खाली घालून म्हटलं, "वाईट झालं, भाऊ." आणि मान वर केली तर समोरच्या बाजेवर अप्पा. डोळे टक्क उघडे! डॉक्टरनं घरी न्या म्हटलं होतं, म्हणून आणलं होतं त्यांना. बाया रडत होत्या त्या आशा सोडली म्हणून. मेलं कुणीच नव्हतं.

आत्या, धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं. गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा ते पातेलं ओळखतं. जित्या माणसाच्या दारात मयताचं पातेलं! बसवराज लालबुंद झाला. "उचला आधी! आमचा बाप मारायला आलात का?" त्याचं काय चुकलं? माझ्या बापाच्या दारात कुणी आणलं असतं तर मीही तेच केलं असतं.

तेवढ्यात अप्पा बाजेवरून म्हणाले, "मंगल, कोण गेलं गं?"

काय सांगू? त्यांनी माझ्याकडं बघितलं, पातेल्याकडं बघितलं. "मीच का?" आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला, पाणी पाजावं लागलं, तरी हसणं थांबेना. मग लेकाला म्हणाले, "बसू, उठीव मला. गरम हाय तवर खाऊ दे. मेल्यावर कोण वाढणार हाय मला?"

कुणी हलेना. तुम्हाला ठाऊकच आहे, त्या घरानं आपल्या हातचं पाणीसुद्धा कधी घेतलं नव्हतं. त्यांची बायको गेली तेव्हा तुम्ही आणि मी पातेलं नेलं होतं. मी नवी नवरी. ते ओट्यावर तसंच पडून राहिलं, कुणी झाकणसुद्धा उघडलं नाही, रात्र व्हायच्या आत निरोप आला, घेऊन जा. मी रागानं रडत होते आणि तुम्ही म्हणालात, "पिठलं थंड झालंय, वरून फोडणी दे." आपणच खाल्लं ते. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा नेलंत, तेही परत. तिसऱ्या दिवशी मी आले नाही, तुम्ही एकट्या गेलात. ते मला अजून टोचतं.

तर अप्पांनी सगळ्यांदेखत पाव भाकरी खाल्ली. सुनेनं, महानंदानं, शेवटी निमूट ताट आणून दिलं. खाताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझ्या सासूचं पातेलं मी वापस केलतं. तवा लई भूक लागली व्हती." मी पाठमोरी झाले आणि पदरात तोंड लपवून ढसाढसा रडले. तुम्ही असायला हव्या होत्या त्या वेळी. एवढं एक वाक्य ऐकायला तरी थांबायचं होतं!

इथंच संपलं असतं तर छान झालं असतं. पण कुणीतरी मोबाईलवर काढलं होतं. आम्ही तिघी उभ्या, आजारी अप्पा जेवतायत, आणि खाली लिहिलेलं की हे चर्चवाले मरत्या माणसाला खाऊ घालून धर्म बदलतात. दोन दिवसांत सगळ्या अहमदपुरात फिरलं. बाजारात ओळखीच्या बाईनं माझ्याकडं बघून तोंड फिरवलं. पाळकांच्या घरी दोन माणसं आली, चहा घेतला, अगदी साहेब-साहेब करून बोलली, आणि गेली. पाळकांची मुलगी तीन वर्षांची आहे. त्या रविवारी ते मंडळाला म्हणाले, "काही दिवस पातेलं बंद ठेवू या." आधी म्हणत होते कागद ठेवा, आता म्हणाले पातेलंच ठेवू नका!

सगळ्यांत आधी हात कुणी वर केला, सांगू? मी.

भीती होती, नाही म्हणत नाही. पण आत्या, भीतीपेक्षा जास्त मी दमले होते. अंगणवाडीची पोरं, घरचा स्वयंपाक, तुमच्या लेकाची शुगर, आणि वर वीस-पंचवीस भाकऱ्या थापायच्या, त्याही उभ्यानं, कारण खाली बसलं तर उठवायला माणूस लागतं. कुणीतरी थांब म्हणावं ह्याची मी वाटच बघत होते. तुम्हाला कधी असं वाटलं होतं का हो? वाटलं असेल तर एकदा तरी बोलून दाखवायचं होतं. मी समजत राहिले की दमते ती फक्त मीच.

गेल्या महिन्यात रशीदाभाभीची सासू गेली. पलीकडच्या शिलाईच्या दुकानवाल्या म्हातारबाई, तुमच्या झंपराच्या बाह्या नेहमी घट्ट करायच्या त्या. रडणं आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. मी खिडकी लावली, कुकर चढवला, जेवले आणि पाय पसरून बसले. खरं सांगू? बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मयताच्या संध्याकाळी मी पाय पसरून बसले होते. दुसऱ्या दिवशीही गेले नाही. तिसऱ्याही.

चौथ्या दिवशी नळावर रशीदाभाभी भेटली. मला वाटलं, आता बोलेल काहीतरी. बोलली असती तर सोपं झालं असतं. तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "बाजी, तब्येत बरी हाय ना? तीन दिस आल्या न्हाईत. मी म्हणलं, नक्की आजारी पडल्या. मीच येणार होते बघायला, पण घरात पाव्हणे."

तिच्या घरातून माणूस गेलं होतं, आणि ती मला बघायला येणार होती! आम्ही मुद्दाम आलो नाही हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. आणि मी काय म्हणाले? "हो भाभी, ताप होता." त्यावर तिनं घरून काढा पाठवला. मी तो काढा प्यायले, आत्या.

त्या दिवसापासून झोप लागेना. फाटकातून जाताना तो फ्लेक्स वाचते आणि चौथ्या ओळीपाशी मान खाली घालते. तुम्हाला चार अक्षरं धड लिहिता येत नव्हती, पण तुम्ही गल्लीला अशी सवय लावून ठेवलीत की आपण गेलो नाही तर लोकांना वाटतं आपणच आजारी आहोत.

मघाशी पाळकांना फोन केला. जाऊ का, म्हणून विचारलं. म्हणाले, "ताई, जा म्हणायची माझी हिंमत नाही. जाऊ नका म्हणायचीही नाही." निदान खरं बोलले.

मंडळातल्या कुणाला बोलावणार नाही. व्हायचं ते माझं एकटीचं होऊ दे. बसवराज मागच्यासारखा ओरडेल, कदाचित पातेलं ओट्यावरच राहील. पुन्हा कुणी मोबाईल काढेल. आज त्या पातेल्याकडं बघून हसणारं त्या घरात कुणी नाही. हे सगळं मला कळतंय. तुमच्यासारखं हसतमुखानं जाणं मला जमायचं नाही, माझ्या कपाळाला आठ्याच असणार. चालेल ना?

तर ऐका, शब्द देते. हे पत्र घडी करून तुमच्या बायबलात ठेवते आणि पिठात पाणी घालते. भाकऱ्या झाल्या की पातेलं कमरेवर घेऊन आधी रशीदाभाभीच्या दारात जाईन. तिला सांगेन, भाभी, मला ताप नव्हता, मी मुद्दाम आले नाही. मग ती काय म्हणायचं ते म्हणू दे. तिथून पुढं अप्पांच्या घरी. आज, उद्या आणि परवा, तिन्ही दिवस. तिसऱ्या दिवशीसुद्धा मीच.

तुमची दमलेली सून,
मंगल