अण्णांचं सोडियम

बाळू,

तुझा फोन लागत नाही, म्हणून मेसेज लिहून ठेवतेय. अण्णांना सकाळी दवाखान्यात दाखल केलंय. आता बरे आहेत, धावत सुटू नकोस.

आठवडाभर त्यांचा तोल जात होता, मला आई समजून हाक मारत होते. आपण म्हटलं, वय झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तातलं सोडियम फार उतरलंय. ब्लडप्रेशरच्या नव्या गोळीने ते लघवीवाटे जात होतं, आणि वर मी त्यांना दिवसभर पाणी पाजत होते. सोडियम हळूहळूच वाढवायचं असतं, म्हणून दोन-तीन दिवस इथेच ठेवतील.

चारपर्यंत ये. चष्मा, कवळीची डबी आणि गोळ्यांची सगळी पाकिटं आण. पाणी मागितलं तरी सिस्टरना विचारल्याशिवाय देऊ नकोस. मला तासभर पाठ टेकायचीय.

एक सांगायचं राहिलं. काल त्यांनी नळ उघडाच ठेवला, स्वयंपाकघरभर पाणी झालं. मी दमलेली होते, ओरडले, "मुद्दाम करता का?" ते म्हणाले, "नाही गं, मला काही सुधरतच नाहीये."

त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं रे. मी नुसता नळ बंद केला.

ताई