पाणमांजराला हात लावल्याबद्दल

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. आठ अंगांपैकी पाच सध्या दुखत आहेत, तेव्हा हा नमस्कार उरलेल्या तीन अंगांचा समजावा. तुझी प्रकृती उत्तम असणारच, कारण ती बिघडवणारी दोन्ही कारणं गेले नऊ दिवस माझ्या घरी आहेत. वहिनींची मान कशी आहे? नव्या घरात सामान लावून ती आणखी अवघडली नसावी अशी आशा आहे. त्यांना सांग, मुलांबरोबर पाठवलेली चार पानी सूचनावली मी रोज सकाळी नेमाने वाचते. पान दोनवर ‘धाकट्याला कंटाळा येऊ देऊ नये’ असं एक वाक्य आहे. पुढचं सगळं रामायण त्या एका वाक्यापायी घडलं, तेव्हा दोष कुणाचा ते तुम्ही उभयतांनीच ठरवावं.

अप्पा बरे आहेत. तू विचारलं नाहीस, पण सवयीने सांगते. मुलांना सोडायला आलास तेव्हा तू नेहमीप्रमाणे खाली फाटकाशी गाडी थांबवून हॉर्न वाजवलास आणि मी तिसऱ्या मजल्यावरून दोन बॅगा, एक उशी आणि तुझी दोन रत्नं उचलायला धावत उतरले. अप्पा तेव्हा खिडकीशी होते. (पडद्यामागे. त्याच्या खालून पावलं तेवढी दिसत होती.) बारा वर्षं तू ते जिने चढलेला नाहीस आणि ते तुझ्यासाठी उतरलेले नाहीत, आणि मधल्या मधे मी टपालखात्यासारखी राबते आहे. टपालखात्याला निदान रविवारची सुट्टी असते.

तर धाकट्याला कंटाळा येऊ नये म्हणून (त्याला आदल्या दिवशी कंटाळा आला होता, तेव्हा त्याने माझ्या शिलाई मशीनला मध पाजला) मी एका लहानशा संग्रहालयात जायचं ठरवलं. पडद्यांच्या दुकानात माझ्या शेजारच्या मशीनवर बसते तिने सांगितलं होतं, की दोनच खोल्या आहेत, पण तिथे प्राणी, हाडं, पिसं, किडे सगळ्याला हात लावू देतात. हात लावू देतात एवढं ऐकूनच मी एक दिवसाची रजा टाकली. आपलं बालपण आठव. हात लावू नको, हे आपल्या घरात इतक्यांदा म्हटलं जायचं की मला वाटायचं तेच आपलं आडनाव.

अप्पा येतील असं मात्र मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ते कामाला होते ते मोठं संग्रहालय बंद झालं, त्यांनी चाळीस वर्षं पेंढा भरून उभे केलेले प्राणी ट्रकमध्ये घालून कुठेकुठे पाठवले, त्या दिवसापासून त्यांनी घरात एखाद्या मांजराचं चित्रसुद्धा लावू दिलेलं नाही. पण तुझ्या वकिलीणबाईंनी (थोरलीला आम्ही इथे हेच म्हणतो, ती सूचनावलीतली कलमं पाठ म्हणून दाखवते) विचारलं, “आजोबा, तुम्ही घाबरता का प्राण्यांना?” अप्पा उठले. आत जाऊन बूट घालून आले.

संग्रहालय एका चष्म्याच्या दुकानाच्या मागे आहे. दारात एक उत्साही मुलगी सगळ्यांच्या छातीवर गोल चिकटपट्टी लावते, त्यावर ‘मी शोधक’ असं लिहिलेलं असतं. अप्पांनाही लावली. ऐंशी वर्षांचा, कपाळावर आठ्या घातलेला शोधक. पहिल्या खोलीत भोकं पाडलेले लाकडी खोके होते. आत हात घालायचा आणि न बघता ओळखायचं. धाकट्याने हात घातला, आत काय असेल ते घट्ट पकडलं, आणि पकडलेलं सोडायला साफ नकार दिला. मूठ बाहेर येईना. मागे चौदा मुलांची रांग. ती मुलगी गोड आवाजात “सोड हं राजा” म्हणत होती आणि राजा “आधी मला सांगा हे काय आहे” म्हणत होता. शेवटी ते कासवाचं कवच निघालं. (हा हट्टीपणा वहिनींच्या माहेरचा आहे असं मला आजवर वाटत होतं. दुपारनंतर माझं मत बदललं.)

तिथून वकिलीणबाईंनी घुबडाच्या गोळ्यांचं टेबल गाठलं. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि केस नि हाडं पचत नाहीत ती गोळा करून तोंडावाटे टाकून देतं. तो गोळा चिमट्याने सोडवायचा आणि हाडं कागदावर मांडायची. तुझ्या मुलीने, जी माझ्याकडे दुधावरची साय बघून तोंड फिरवते, तासभर मान वर न करता ओकारी सोडवली. अख्खी कवटी निघाली, दातांसकट. ती तिने माझ्याच रुमालात बांधून माझ्याच पर्समध्ये ठेवली. एवढ्यात माझ्या बाहीवर कुणीतरी काडीसारखा एक किडा सोडला आणि तो चावत नाही हे सगळे मला सांगत असताना मी जी किंकाळी फोडली, ती ऐकून चष्म्याचा दुकानदार बघायला आला.

या गडबडीत अप्पा आणि धाकटा दुसऱ्या खोलीत गेले होते. मी पोचले तेव्हा अप्पा एका टेबलासमोर उभे होते. टेबलावर पाणमांजर होतं. ‘मला कुरवाळा’ अशी पाटी, आणि पाठीवर मधोमध टक्कल. हजार मुलांनी कुरवाळून केस घालवलेले. मिशा गेलेल्या, तिथे कुणीतरी ब्रशाचे केस चिकटवलेले. पुढच्या पंजाची शिवण उसवून आतला भुसा डोकावत होता. मी त्याला डोक्याच्या कलावरून ओळखलं. पाण्यातून वर येऊन कुणीतरी हाक मारली म्हणून वळल्यासारखी मान. अशी मान अप्पांशिवाय कुणी वळवत नसे.

धाकट्याला त्यातलं काय ठाऊक? त्याने टकलावरून मस्तपैकी हात फिरवला, आणि अप्पांनी फाडकन त्याच्या हातावर थप्पड मारली.

दादा, तो आवाज मी ओळखला. तू नऊ वर्षांचा होतास, हरणाच्या मानेला हात लावला होतास आणि संग्रहालयाच्या कारखान्यात सगळ्यांसमोर हाच आवाज झाला होता. तू ती थप्पड अजून जपून ठेवली आहेस. मीही दाराबाहेर उभी राहून ती ऐकली होती, पण ते कुणी मोजत नाही. धाकटा रडला नाही. (तूही रडला नव्हतास.) तो म्हणाला, “पाटीवर लिहिलंय कुरवाळा. तुम्हाला वाचता येत नाही का?” आणि वकिलीणबाई ओकारीचा चिमटा हातात घेऊन भावाच्या बाजूने उभी राहिली आणि पाटी मोठ्याने वाचून दाखवली. दोनदा.

अप्पांचा चेहरा पांढरा पडला होता. ते त्या चिकटपट्टीवाल्या मुलीवर ओरडले, “विष असतं यात! पोरांना हात कसे लावू देता?” ती बिचारी घाबरली, पण म्हणाली, सगळे जुने प्राणी तपासून घेतलेत, विषवाले कपाटात कुलूप लावून ठेवलेत, हे शेवटच्या काळातलं आहे, यात नाही. अप्पा स्वतःशी म्हणाले, “हो. हे शेवटचं. तेव्हा पांढरी पूड बंद झाली होती.”

तुला ठाऊक होतं का रे? कातड्याला कीड लागू नये म्हणून ते आतून विष लावायचे, आणि हरणाला हात लावून तू तीच बोटं तोंडात घातली असतीस तर? मला ठाऊक नव्हतं. मी त्यांचे कपडे तीस वर्षं धुतले. वेगळ्या बादलीत धुवायचे एवढंच सांगितलं होतं. का, ते विचारायची आपल्या घरात पद्धत नव्हती आणि सांगायची तर त्याहून नव्हती. भीती वाटली की हा माणूस थप्पड मारतो. पुढचं वाक्य त्याला येतच नाही. एका वाक्याने तुम्हा दोघांची निम्मी आयुष्यं वाचली असती. माझीही, पण ते असो.

मग अप्पा खाली बसले. सरळ जमिनीवर, ऐंशीव्या वर्षी. धाकट्याला म्हणाले, “इकडे ये. पोटाखाली बोट घाल. शिवण लागते?” लागत नव्हती. “मग आता केस उलटे फिरव.” लागली. धाकट्याचे डोळे हे एवढे झाले. अर्धा तास, दादा. डोळे कुठून आणायचे, कान आतून कशाने ताठ करायचे, मान कुठे वळते. तुला तीन वर्षं त्यांनी हे शिकवलं आणि तू जांभया दिल्यास. मी तीन वर्षं दाराच्या फटीतून बघितलं आणि मला कुणी आत बोलावलं नाही, कारण मुलीने पडदे शिवलेले बरे. आणि सहा वर्षांच्या पोराने ते अर्ध्या तासात मिळवलं, तेही थप्पड खाऊन. त्यालाच काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, “आत्याला पण दाखवा ना.” अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिला सगळं येतं.”

मला रडावं की पाणमांजर उचलून त्यांच्या डोक्यात घालावं ते कळेना. तिला सगळं येतं! मग चाळीस वर्षांत एकदा माझ्या तोंडावर म्हणायला काय झालं होतं?

त्यांनी सुई-दोरा मागितला. ओवता येईना. हात थरथरतात, दोन वर्षं झाली. तिसऱ्या वेळी त्यांनी सुई माझ्या दिशेला नुसती धरून ठेवली. मी ओवली, आणि परत दिली नाही. पंजाची शिवण मीच घातली, चौदा शोधक, काडीकिडा आणि चष्मेवाला यांच्यादेखत. सात टाके. अप्पांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, “तिसरा जरा मोठा पडला.” (पडला होता.)

परत येताना बसमध्ये मुलं झोपली. धाकट्याचं डोकं अप्पांच्या मांडीवर होतं. अप्पा बाहेर बघत एकाएकी म्हणाले, “त्याला सांग, तो बिबट्याही नीट झाला नव्हता.” मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मेलेला बिबट्या आला, कातडं कुजायचं थांबत नाही म्हणून ते कारखान्यातच राहिले आणि तू मांडवात दाराकडे बघत राहिलास, तो बिबट्या. चेहरा बिघडला होता म्हणे. दोन महिन्यांनी त्यांनी स्वतःच तो जाळून टाकला. हे त्यांनी बारा वर्षं कुणाला सांगितलं नाही. माफी म्हणायची तर ही माफी आहे. याहून बरी त्यांच्याकडे शिल्लक नाही, मी सगळीकडे शोधून बघितलं आहे. घ्यायची तर घे, नाहीतर परतीच्या टपालाने पाठव, मी आहेच पोचवायला.

वहिनींना नमस्कार. मुलं मजेत आहेत. मी नाही.

तुझी बहीण
(एकच आहे, तेव्हा नाव लिहीत नाही.)

ता. क. : उंदराची कवटी मुलीच्या बॅगेत मोज्यात आहे. वहिनींना सांगू नकोस, त्यांची मान आधीच दुखते.

ता. क. दुसरा : त्या चिकटपट्टीवाल्या मुलीने काल एक कोल्हा घरी पाठवून दिला आहे. शेपूट आणि मागचा पाय सुटलाय. सध्या जेवणाच्या टेबलावर आहे, आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवतो. दुकानातून मी आठवड्याचे दोन दिवस सोडवून घेतलेत. हे काम मी करणार आहे. मी कुणाला विचारत नाही, सांगते आहे.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं याच्यासाठी लिहिलं : कोल्हा शिवायला एकाने धरावा लागतो. अप्पांचे हात धरत नाहीत आणि मुलांचे पुरत नाहीत. कसं धरायचं ते आपल्या घरात रीतसर एकालाच शिकवलं होतं. रविवारी मुलांना न्यायला येशील तेव्हा हॉर्न वाजवू नकोस, वर ये. बेल वाजेल तेव्हा माझे दोन्ही हात डिंकात असतील. दार त्यांनाच उघडावं लागेल.