मुळं का फुटत नाहीत?

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे पत्र न उघडताच बाजूला टाकशील, अशी भीती आहे. तरी लिहितेय.

आईच्या हातची काडी कधी वाया जात नसे, आठवतं ना? पेरावरच्या डोळ्याच्या खाली तिरका काप, खालची पानं काढलेली, ओलसर वाळूत खोचून वर प्लॅस्टिकच्या पिशवीची टोपी आणि कुंडी सावलीत. शेजारणी वाळलेल्या काड्या घेऊन रडत यायच्या, तेव्हा ती म्हणायची, "अगं, रोज हलवून बघतेस ना? मग कशी जगेल?"

आता तीच रोज उपटून बघते. सकाळी जास्वंदीच्या काड्या लावते आणि माझा स्वयंपाक होईपर्यंत त्या बाहेर. मातीचे हात पुढे करून विचारते, "मुळं का फुटत नाहीत गं?" मी आधी समजावलं, मग चिडले, मग मोरीत जाऊन रडले. शेवटी काड्या काचेच्या बाटलीत, पाण्यात ठेवल्या, म्हणजे न उपटता दिसेल. एकीला पांढरी मुळं आली तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. मला काही हसू येईना.

डॉक्टर म्हणतात, हे विसरणं वाढतच जाणार. गेल्या आठवड्यात मुळं फुटायची पावडर तिने साखर समजून चहात घातली. कप मी ओठांपासून हिसकावला. तेव्हापासून शिवणाचं दुकान बंद करून मशीन घरी आणलंय. शिवतानाही एक कान तिच्याकडेच असतो.

परवा सहज विचारलं, "आई, एवढ्या काड्या कुणासाठी?" म्हणाली, "धाकट्यासाठी. त्याच्या बायकोला आवडतील. बऱ्याच दिवसांत फिरकले नाहीत गं दोघं." मी भांडी घासायच्या निमित्ताने आत गेले.

जिला तिने दारातून परत पाठवलं, जिच्यापायी तुला "तू मला मेलास" म्हणाली, तिच्यासाठी! धाकट्या, तू आईच्या माफीची वाट बघत असशील, आणि ते रास्तच आहे. पण ती आता मिळायची नाही. आई ते भांडणच विसरली आहे. या घरात ते फक्त मला आठवतं. तुझं नाव अजून तिच्या तोंडी आहे, पण किती दिवस राहील, सांगवत नाही. दोघंही या. दारातच तिने "इतका उशीर का केलास?" म्हणून विचारलं, तर भांडू नकोस. कामं होती, म्हण.

तुझीच,
ताई