त्रेचाळीस दात्यांचे डिफरन्शल

मी, आमोस शांतवन पाटोळे, वय त्रेसष्ट, धर्म ख्रिस्ती, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार घोडेगाव, तालुका नेवासे, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कुणाची जबरदस्ती नाही. पोटात गाठ आहे, आणि नगरच्या डॉक्टरांनी माझ्याऐवजी माझ्या मुलीशी बोलणे पसंत केले, त्यावरून काय समजायचे ते मी समजलो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात तोंडी पुष्कळ केली, ती सर्व रद्द समजावीत.

१. मला घोडेगावच्या ख्रिस्ती दफनभूमीत माझी पत्नी रोझी हिच्या शेजारी पुरावे. पेटीला कानिफनाथचा खांदा लागता कामा नये. सोनईचे आप्पासाहेब आले तर येऊ द्यावे, पण त्यांना दोन शब्द बोलायला सांगू नये. ते दोन शब्दांवर थांबत नाहीत.

२. राहते घर, पोस्टातले पुस्तक आणि रोझीचे शिवणयंत्र माझी एकुलती मुलगी हन्ना हिला. गॅरेजचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून जे जुने क्राउन, म्हणजे डिफरन्शलमधले मोठे दातेरी चाक, टेकण लावलेले असते, तेही तिने न्यावे. लोखंड चांगले आहे. तिच्याही दाराला उपयोगी पडेल.

३. माझी हत्यारे मिरजगावच्या बन्सी मिस्त्रीला द्यावीत. बन्सी सामान्य कारागीर आहे, पान्याने हातोडीचे काम करतो. पण तो कानिफनाथ नाही, एवढी लायकी मला पुरेशी आहे.

४. गॅरेजची जागा विकावी. कानिफनाथ सोडून कुणालाही.

५. आता कानिफनाथ. हा अकरा वर्षे माझ्या हाताखाली होता. नगरच्या लष्करी वर्कशॉपात मी जे जन्मभर शिकलो ते याला फुकट दिले. रोझीने त्याला पोटच्या पोरासारखे जेवू घातले.

१९६७ साली आप्पासाहेबांनी लष्कराच्या लिलावातली जीप घेतली. चारही चाकांना ताकद जाणारी, पण काळ्या रानात उसाची ट्रॉली ओढताना दम टाकायची. तसल्या जीपच्या डिफरन्शलमध्ये, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या लोखंडी गोळ्यात, एकोणचाळीस दात्यांचे क्राउन असते. त्या जागी त्रेचाळीस दात्यांचे बसवले की वेग थोडा कमी होतो आणि ओढ वाढते. मात्र पुढे आणि मागे, दोन्हीकडे बदलावे लागते. एकीकडे नवे आणि एकीकडे जुने राहिले, तर पुढची चाके मागच्या चाकांशी भांडतात. नुसत्या मागच्या चाकांवर चालवताना हे कळत नाही. पुढच्या चाकांना जोडणारा लिव्हर टाकला की कळते, आणि मधली गिअरपेटी फुटते.

मागचे मी बसवले, काढलेले जुने दाराला टेकण लावले. माझ्या गॅरेजचा नियम आहे, पहिल्या दात्यावर खडूची खूण करून एकाने मोठ्याने मोजायचे आणि दुसऱ्याने मागून म्हणायचे. त्या दिवशी मला ताप होता, पुढे कावीळ निघाली. कानिफनाथ खडू घेऊन पुढे आला. मी म्हणालो, "माजं मोजाया निघालास व्हय? हो बाजूला." हा त्याचा आगाऊपणा मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. पुढचे बसवायचे काम त्याच्यावर सोपवून मी अंथरुणाला खिळलो. त्याने कंटाळा केला आणि पुढचे बदललेच नाही.

मी उठून बसायच्या आत सोनईच्या शिवारात पेटी फुटली. पुढे हिंडू-फिरू लागलो, त्या पहिल्याच शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात आप्पासाहेबांनी फुटक्या गिअरची गोणी माझ्या पायांपाशी उपडी केली. "हे घ्या तुमचं आमोसी काम!" रोझी माझ्या शेजारी उभी होती. कानिफनाथ खाली मान घालून एकेक तुकडा गोणीत भरत राहिला. तेव्हापासून या भागात कुणाचे काही निखळले की त्याला आमोसी काम म्हणतात.

त्याच दिवशी मी याला हाकलला, तर याने रस्त्यापलीकडे शेड टाकली. पाच वर्षे मी त्याला रस्त्याच्या या बाजूने रोज शिव्या देतो. तो उलटून बोलत नाही, यावरूनच त्याचा गुन्हा सिद्ध होतो. शेवटच्या आजारात रोझीने दोनदा म्हटले, कानिफला बोलवा. मी त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. त्याचा मला पस्तावा नाही.

६. आप्पासाहेबांनी ती जीप भंगारात काढली तेव्हा मी दुसऱ्याच्या नावाने विकत घेतली. ताडपत्रीखाली उभी आहे, दोन्ही डिफरन्शलच्या झाकणांवर मी लाखेची मोहर केली आहे. ती जीप मी कानिफनाथला देतो. गिअरपेटी फुटकीच असल्यामुळे ती चालवून दाखवायची सोय नाही, म्हणून अट अशी: मला पुरल्यानंतरच्या शुक्रवारी, भर बाजारात, त्याने स्वतः पुढचे झाकण उघडावे आणि दाते मोठ्याने मोजावेत. एकोणचाळीसवर थांबावे लागेल तेव्हा सगळ्यांनी त्याच्या तोंडाकडे बघावे. मला बघता येणार नाही, एवढेच दुःख.

इथपर्यंत लिहून मी साक्षीदारांना वाचून दाखवले. कारभारी लोहार म्हणाले, "आमोसभाऊ, न बघितल्याल्या आकड्याखाली म्या सही करनार न्हाई." प्रभुदास गुरुजींनीही पेनाला टोपण लावले. उघडून बघायची मला गरज नव्हती, मला ठाऊक होते. तरी लाख फोडली, झाकण काढले, खडूची खूण केली. गुरुजींनी मोजले, कारभारींनी मागून म्हटले.

पुढचे त्रेचाळीस भरले.

पुन्हा मोजले. तेवढेच. मग मागचे उघडले, मी बसवलेले. एकोणचाळीस. हन्ना दाराचे टेकण उचलून घेऊन आली. तेही मोजले. त्रेचाळीस. तापाच्या भरात मी जुनेच क्राउन रॉकेलने धुऊन परत बसवले, आणि नवे पाच वर्षे माझे दार धरून बसले होते.

हन्नाने रस्ता ओलांडून कानिफनाथला बोलावून आणले. हाताला ग्रीस तसेच.

मी विचारले, "तुला ठावं हुतं?"

"व्हय उस्ताद."

"कवापासून?"

"पेटी फुटली त्याच दिशी. सोनईला जाऊन म्या मागचं झाकन उघडलं हुतं."

"मग बाजारात बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? सगळ्या बाजाराम्होरं उस्तादाची चूक काढू?"

"आन् ह्या पाच वर्साच्या शिव्या?"

"त्या तर आदीबी रोजच खायचो."

७. म्हणून कलम ३ आणि ४ रद्द. बन्सीला यातले काही कळवू नये. कलम १ मध्ये बदल: पेटीचा पुढचा खांदा कानिफनाथचा. आप्पासाहेबांच्या बोलण्यावरची बंदी कायम. गिअर माझ्यामुळे फुटले, पण गोणी रोझीसमोर त्यांनी उपडी केली.

८. पस्तावा नाही असे मी वर लिहिले आहे. ते खोडू नये. मी कसा माणूस होतो ते वाचणाऱ्याला कळू द्यावे.

९. कानिफनाथलाही मी माफ केलेले नाही. त्याने मला सांगायला हवे होते. मी पाना फेकून मारला असता, पण रोझीला तो भेटला असता. याची शिक्षा म्हणून गॅरेज, हत्यारे आणि जीप त्याला देतो. माझ्या नावाचा बोर्ड त्याने जन्मभर उतरवायचा नाही. शुक्रवारची अट कायम, फक्त झाकण मागचे उघडायचे. एकोणचाळीस मोजायचे आणि हे आमोसने बसवले असे मोठ्याने सांगायचे. आत्ताच तो म्हणतो, "म्या न्हाई सांगनार." न सांगितल्यास त्याला काडीही मिळणार नाही.

१०. त्यानंतर दाराचे टेकण त्याने जीपच्या मागच्या डिफरन्शलमध्ये बसवावे. कलम २ मधून ते वगळले आहे, हन्नाने दाराला वीट लावावी. बसवताना त्याने दाते मोजावेत. मागून म्हणायला मी नसेन, हन्नाने म्हणावे. तो एका दात्याने जरी चुकला तरी तिने त्याला माझ्या शिव्या द्याव्यात. त्या तिला पाठ आहेत.

हे लिहिले ते माझे, यातली चूकही माझी.

सही: आमोस शांतवन पाटोळे

आमच्यासमोर सही झाली. दाते आम्ही मोजले.
साक्षीदार १: प्रभुदास गुरुजी, घोडेगाव
साक्षीदार २: कारभारी लोहार, घोडेगाव

कानिफनाथला मिळकत मिळत असल्याने त्याची साक्षीदार म्हणून सही घेतलेली नाही. सही होईपर्यंत तो दार धरून उभा होता.

मुक्काम घोडेगाव, शनिवार, १८ नोव्हेंबर १९७२