पहिली चकती

श्रावण वद्य २, शके १८५९. तीर्थपुरी

पोट आज गप्प! सकाळपासून एकदाही गुरगुरलं नाही. दहा वर्षांची ग्रहणी, खाल्लेलं पचायचंच नाही. अंबडच्या वैद्याच्या पुड्या झाल्या, हकिमाचं चाटण झालं — सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी वडिलांची वैद्यकाची पोथी उघडली, तेव्हा कळलं की औषध पुडीत नसतं, पातेल्यात असतं. काय शिजवलं, किती शिजवलं, कोणत्या मनानं शिजवलं! हे सगळं औरंगाबादच्या साप्ताहिकाला लिहून पाठवलं. एरवी मी त्यांचा इथला बातमीदार, म्हणजे कोणाची म्हैस विहिरीत पडली ते कळवणारा. आता संपादक लेख मागून राह्यलेत.

अक्काला वाचून दाखवलं. माझी थोरली बहीण. भाकरी थापीत होती. म्हणाली, "पोथीनं बरं झालं व्हय तुझं पोट, भुजंगा? मी मिरची घालणं बंद केलंय, ते कळलं न्हाई वाटतं. मंग आता पोथीलाच म्हणावं, भांडी घास."

श्रावण वद्य ६

अक्का सोवळ्यात चुलीपुढं, मी उंबऱ्याबाहेर पाटावर. मी आठ वर्षांचा असताना ती विधवा होऊन माहेरी आली. तेव्हापासून चूल तिची आणि पाट माझा. नैवेद्य होईपर्यंत रांधणाऱ्यानं काही चाखायचं नाही — जीभ बाटली की पातेलं बाटलं. अक्का त्यात बिलकुल सूट देत नाही, वाससुद्धा घेत नाही म्हणते. (खोटं. घेते.)

काकडी असो, दोडका असो, चिरायला घेतला की पहिली चकती माझ्याकडं फेकते. "कशीय?" मी म्हणतो, "बरीय." मग पुढं चिरते. हा माझा जन्माचा मान. पन्नाशी आली तरी तिला मी आठ वर्षांचाच!

श्रावण वद्य १३

अक्काला हिवताप. दात वाजून राह्यलेत. गोधड्या संपल्या, थंडी संपेना.

भाद्रपद शुद्ध २

ताप उतरला, पण उठवत नाही तिला. आजपासून चूल मी घेतली. सोवळं नेसलो, पोथी फळीवर ठेवली. पहिली पेज करपली. दुसरी उतू जाऊन चूलच विझली. इतका धूर, की परसापलीकडची गोजरबाई कुंपणावरून डोकावली.

"महाराज, म्या म्हणलं घराला आग लागली का काय!"

आतून अक्का, अंथरुणातूनच — "आग न्हाई गं, पंडित रांधून राह्यलाय!"

दोघी पोट धरून हसल्या. हसा. शब्दशास्त्रापेक्षा चूल अवघड आहे हे मी कुठं नाकारतो?

भाद्रपद शुद्ध ७

हात बसला. भाताचा आवाज बदलत जातो — आधी बडबड, मग कुजबुज, मग मौन. मौन आलं की उतरवायचा. इतकी वर्षं पोरांना व्याकरण शिकवलं, पण असं कान देऊन कधी काही ऐकलं नव्हतं. मन दुसरीकडं गेलं की डाळ लागते. पोथीतलं पहिल्यांदा हाताला कळलं.

अक्काला मुगाचं कढण आणि पेज वाढली. वाफा निघत होत्या. ती नुसती बघत बसली. "खा की, निवेल." तर म्हणे, "निवू दे रे. ऊन खायची सवय कुठंय मला!" सगळ्यांच्या मागून जेवणारीचं दुसरं काय होणार? हसत हसत बोलली, पण मी वाटी परत तिच्यापुढं सरकवली.

आज तिला घास जास्त गेले!

भाद्रपद शुद्ध ९

महेमूदभाई आला. त्याची बैलांची दमणी जालन्याला जात-येत असते. "पंडतजी, अक्काला जालन्याच्या डाक्टरला दाखवू या. चेहरा बराबर न्हाई दिसत. दमणी खालीच हाय, जल्दी नेतो."

मी म्हटलं, घरात चिकित्सालय असताना दारोदार कशाला हिंडायचं?

तो अक्काकडं बघत राहिला. अक्का माझ्याकडं. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे भाई. भुजंगाचं औषध चाललंय."

भाद्रपद शुद्ध १२

काल एकादशी. इतकी अशक्त, तरी पाण्यावर काढली. बोलून उपयोग नाही. आज पारणं. गोजरबाईनं वेलावरचा दुध्या भोपळा दिलेला — आजाऱ्याला याच्याइतकं सौम्य पथ्य नाही. अर्धाच चिरला. तुपात जिरं, मंद आच, वर झाकण. मन जागेवर. देवाला नैवेद्य दाखवला आणि अक्काला ऊन ऊन वाढलं. मीही आज तेच जेवणार होतो.

पहिला घास घेतला आणि थांबली. माझ्याकडं बघितलं. "तू जेवलास का रे?"

"तुझं झालं की बसतो."

"मंग सगळी भाजी मलाच वाढ. लय भूक लागलीय."

सगळी! पातेलं पुसून खाल्लं! मी ताकभाकरीवर भागवलं आणि आनंदानं पुढचा लेख लिहायला बसलो. भूक परतली म्हणजे अर्धा रोग गेला.

त्याच दिवशी, दिवेलागण

अक्काला उलट्या, जुलाब. घाबरायचं कारण नाही. साठलेला दोष बाहेर पडतोय. शोधन आपोआप होत असेल तर उत्तमच. दुपारी गोजरबाई तिच्याजवळ बसून गेली. काय कुजबुजल्या, देव जाणे. महेमूदभाई दारातूनच विचारून गेला, "दमणी जुंपू का?" म्हटलं, उद्या बघू.

भाद्रपद शुद्ध १३

थांबेना. उलटीत रक्त. हात गार. महेमूदभाई न विचारताच बैल जुंपून आला. "पंडतजी, पोथी बाद में!" निघतोय.

भाद्रपद शुद्ध १४

अंबडच्या अलीकडंच गाडी थांबवली. जालना आलंच नाही.

भाद्रपद वद्य २

सुतक. चूल बंद, देव बंद, सोवळं बंद. जेवण शेजारून येतं.

टोपलीखाली भोपळ्याचा राहिलेला अर्धा सापडला. सुतकात नैवेद्य नाही, म्हणजे जिभेला मनाई नाही. सहज एक चकती कापून तोंडात टाकली.

कडू विष! थुंकलो, चुळा भरल्या, गूळ खाल्ला — जिभेवरून जाईना.

काकडीची चकती. दोडक्याची चकती. "कशीय?"

लाड नव्हता तो. तिला चाखता येत नव्हतं, म्हणून तिनं माझी जीभ उंबऱ्याबाहेर बसवली होती. आणि मी सोवळं नेसून आत गेलो. बाहेर कोणीच नव्हतं. इतकी पोथी वाचली. समोर चाळीस वर्षं चाललेलं वाचता आलं नाही.

भाद्रपद वद्य १०

साप्ताहिक आलं. 'पातेल्यातलं औषध' — पहिल्या पानावर, माझ्या नावासह. कारभारी पाटलानं पारावर लेख मोठ्यानं वाचून दाखवला म्हणे. लोक वाहवा करून गेले. एकजण पथ्य विचारायला आल्ता. दार उघडलं नाही.

सर्वपित्री अमावास्या

गोजरबाईचा भोपळ्याचा वेल मुळासकट उपटलेला दिसला. भरला वेल का उपटला, म्हणून विचारलं. ती रडायलाच लागली.

"अक्कानंच सांगितल्तं, त्या दुपारी. म्हणल्या, वेल कडू निघालाय, उपट, पन भुजंगाला बोलू नको. म्या म्हणलं, मंग तुम्ही कशापायी खाल्ला? तर म्हणल्या — देवाला दाखवलेलं तो टाकणार न्हाई, मी ठेवलं तर स्वतः खाईल. त्याचं पोट आत्ता कुठं बरं झालंय."